विहीर क्रमांक १३

सॅन होझे शहराच्या दक्षिण टोकाला, बर्नाल रोडवर, फेअरचाइल्ड कंपनीने १९७७ मध्ये चिप बनवण्याचा कारखाना सुरू केला. धुराडं नाही, काजळी नाही, भोंगा नाही. आत पांढरे डगले घातलेले कामगार, बाहेर राखलेली हिरवळ आणि जवळच लॉस पासेओस नावाची नोकरदारांची वसाहत. कारखान्याच्या आवारात जमिनीखाली एक टाकी पुरलेली होती. सिलिकॉनच्या चकत्या धुऊन उरलेली द्रावकं तिच्यात साठवायची आणि वेळोवेळी उपसून न्यायची, अशी व्यवस्था होती. १९८१ च्या अखेरीला लक्षात आलं, की ही टाकी गळते आहे. अंदाजे ६० हजार गॅलन, म्हणजे सव्वादोन लाख लिटर द्रावक जमिनीत मुरलं होतं.

तिथून सुमारे ६०० मीटरवर ग्रेट ओक्स वॉटर कंपनीची १३ नंबरची विहीर होती. वसाहतीचं पिण्याचं पाणी तिच्यातून यायचं. डिसेंबरमध्ये त्या पाण्याची तपासणी झाली, तेव्हा त्यात ट्रायक्लोरोइथेन सापडलं. विहीर बंद करण्यात आली. रहिवाशांना मात्र ही बातमी कळली ती जानेवारी १९८२ मध्ये, वर्तमानपत्रातून. ते पाणी त्याआधी किती महिने नळाला येत होतं, हे कुणालाच खात्रीने सांगता येईना.

वसाहतीतल्या बायका एकमेकींशी बोलू लागल्या. कुणाचा गर्भ राहून पडला होता, कुणाच्या बाळाच्या हृदयात दोष निघाला होता. एकेका घरात दैवाला बोल लावून गप्प बसलेली माणसं आता हिशेब मांडू लागली. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने १९८५ मध्ये आपला अभ्यास जाहीर केला. लॉस पासेओसमध्ये गर्भपाताचं प्रमाण अपेक्षेपेक्षा दुपटीहून जास्त आणि जन्मजात दोषांचं प्रमाण जवळजवळ तिप्पट होतं. पण याला ते पाणीच कारणीभूत आहे, असं त्या अभ्यासातून सिद्ध झालं नाही. दूषित पाण्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात हे असंच घडतं. लोक थोडे, काळ थोडा, कुणी किती पाणी प्यायलं याची नोंद नाही. संख्याशास्त्र अशा वेळी हात टेकतं आणि ज्याचं मूल गेलं त्याला उत्तर मिळत नाही. याचा अर्थ पाणी निर्दोष होतं असा काढणाऱ्यांची मला चीड येते. पाणीच दोषी होतं असं छातीठोकपणे म्हणणंही तितकंच चूक, पण त्या मागे निदान दुःख असतं.

एक गोष्ट मात्र लगेच झाली. जमिनीखालच्या टाक्या दुहेरी भिंतीच्या असल्या पाहिजेत आणि गळती वेळीच कळेल अशी सोय हवी, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९८३ मध्ये केला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातही जमिनीखालच्या टाक्यांसाठी तरतूद झाली.

टाक्या तपासायला सुरुवात झाली, तसे एकामागून एक कारखाने यादीत आले. लव्ह कॅनॉल वसाहतीखाली पुरलेल्या रासायनिक कचऱ्याच्या प्रकरणानंतर १९८० मध्ये अमेरिकेत दूषित जागांच्या सफाईसाठी जो ‘सुपरफंड’ कायदा झाला, त्याच्या यादीत सांता क्लारा परगण्यातल्या २३ जागा गेल्या. इतक्या जागा त्या देशातल्या दुसऱ्या कुठल्याही परगण्यात नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या आहेत. पुण्या-मुंबईहून गेलेली हजारो मराठी कुटुंबं आज सनीव्हेल, माउंटन व्ह्यू, सॅन होझे इथे राहतात. त्यांची घरं, ऑफिसं आणि मुलांच्या शाळा ज्या खोऱ्यात आहेत, त्याच्या पोटातली ही गोष्ट आहे.

ती समजायची तर आधी ही द्रावकं काय चीज आहे ते पाहायला हवं. चिपच्या कारखान्यांत दोन जास्त चालायची: ट्रायक्लोरोइथेन आणि ट्रायक्लोरोइथिलीन. दुसऱ्याला सगळे टीसीईच म्हणतात. तेलकटपणा काढण्यात यांचा हात कुणी धरत नसे. पेट घेत नाहीत, चटकन उडून जातात, डाग मागे ठेवत नाहीत. सांडलं तर हवेत उडून जाईल, अशीच त्या काळी समजूत होती. जे हवेत जात नव्हतं ते कुठे जातं, याचा विचार फारसा कुणी केला नाही.

तो जर्मनीत फ्रीडरिश श्विले या भूजलशास्त्रज्ञाने केला. कोब्लेन्झच्या संस्थेत त्याने काचेच्या उभ्या नळ्यांत आणि पेट्यांत वाळू भरली, तिच्यात पाणी भरलं आणि वरून रंगवलेली द्रावकं सोडली. पेट्रोल किंवा डिझेल जमिनीत सांडलं तर ते भूजलाच्या पृष्ठभागावर जाऊन तरंगतं. क्लोरीनयुक्त द्रावकं तशी थांबली नाहीत. टीसीईची घनता पाण्याच्या जवळजवळ दीडपट आहे आणि ते पाण्यापेक्षा पातळ आहे. जड आणि पातळ असा दुहेरी गुण असल्यामुळे ते पाण्याला बाजूला सारत खाली खाली जातं. जाताना वाटेतल्या वाळूच्या कणांमध्ये आपले थेंब अडकवून ठेवतं आणि चिकणमातीच्या थरावर पोचलं की तिथे साचतं. तो थर जिकडे उतरता असेल तिकडे वाहतं, मग भूजलाचा प्रवाह उलट दिशेला असला तरी. चिकणमातीला चीर मिळाली की पुढच्या थरात उतरतं.

हे सगळं डोळ्यांआड घडतं. वरून खणून ‘कुठे आहे ते’ सापडणं फार कठीण. बोअर दोन हात इकडची तिकडे झाली तरी साचलेलं द्रावक चुकतं, आणि बोअर नेमकी त्याच थरातून आरपार गेली तर तपासणीच्याच भोकातून ते खालच्या स्वच्छ पाण्यात उतरण्याची भीती. शोध घेण्यातून नुकसान होऊ शकतं, अशी ही विचित्र जागा आहे.

आणि किती थोडं पुरतं! अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर टीसीईचं वजन १.४६ किलो. भागाकार केला तर उत्तर येतं २९ कोटी लिटर. एवढं पाणी त्या एका लिटरने मर्यादेपर्यंत पोचतं. माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने ते २१ लाखांहून अधिक माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. शिवाय टीसीई पाण्यात अगदीच थोडं विरघळतं. त्यामुळे साचलेला साठा पाण्याला थोडा थोडा विषारी करत राहतो आणि स्वतः वर्षानुवर्षं संपत नाही.

आता बर्नाल रोडवर काय केलं ते पाहू. १९८२ मध्येच टाकी काढून तिच्या आसपासची सुमारे २,६०० घनमीटर माती उचलली. दूषित पाणी उपसायला सुरुवात झाली. १९८६ मध्ये संपूर्ण आवाराभोवती जमिनीखाली तीन फूट जाडीची अपार्य, म्हणजे पाणी झिरपू न देणारी, भिंत उतरवली. ही भिंत विटांची नसते. लांब चर खणत जायचं, तो ढासळू नये म्हणून बेंटोनाइट चिकणमातीच्या रबडीने भरत जायचं आणि मग त्यातच खणलेली माती व बेंटोनाइट कालवून घट्ट भरण करायचं. बर्नाल रोडची भिंत काही ठिकाणी १४० फूट खोल गेली. आतलं पाणी आत, बाहेरचं बाहेर. आतल्या पाण्याची पातळी उपसून नेहमी खाली ठेवायची, म्हणजे भिंतीतून पाझर झालाच तर तो बाहेरून आत व्हावा.

मग १९८९ मध्ये जमिनीतली हवा ओढायला सुरुवात केली. भूजलाच्या वरच्या कोरड्या मातीत जी द्रावकं अडकली होती, त्यांची वाफ सहज होते. ३९ विहिरींतून व्हॅक्युम पंपांनी ही वाफ ओढून कार्बनमधून गाळली. सव्वा वर्षात १६ हजार पौंड, म्हणजे सात टनांहून अधिक द्रावक निघालं. सुरुवातीला दिवसाला भरपूर निघायचं, नंतर आकडा घसरत घसरत इतका खाली आला, की पंप चालवण्यात अर्थ राहिला नाही. शेवटी राहिलेलं थोडं मात्र तिथेच राहिलं. काही भागांत ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही.

हा खर्च कुणी केला? फेअरचाइल्डची मालकी १९७९ मध्ये श्लुम्बर्जर या तेलविहिरींची कामं करणाऱ्या कंपनीकडे गेली होती. १९८७ मध्ये तिने फेअरचाइल्ड विकून टाकली, पण जमिनीखालची जबाबदारी तिच्याकडेच राहिली. कंपनी विकली, नाव बदललं, कारखाना पाडला तरी देणं सुटत नाही, ही सुपरफंड कायद्यातली तरतूद मला सगळ्यांत मोलाची वाटते. तंत्रज्ञान कितीही चांगलं असो, चाळीस वर्षं पंपाचं वीजबिल भरणारा कुणी नसेल तर ते कुचकामी आहे.

आता तिथून उत्तरेला माउंटन व्ह्यूमध्ये जाऊ. मिडलफील्ड, एलिस आणि व्हिसमन या तीन रस्त्यांच्या मधल्या भागात फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन वगैरेंचे कारखाने होते. तिथून टीसीईचा दूषित पट्टा उत्तरेकडे सरकत मोफेट फील्ड या नौदलाच्या विमानतळाखाली गेला आणि तिथल्या नौदलाच्या स्वतःच्या प्रदूषणात मिसळला. या जागेच्या सफाईचा निर्णय १९८९ मध्ये झाला. इथेही माती काढली, हवा ओढली, काही कारखान्यांभोवती जमिनीत भिंती उतरवल्या आणि पाणी उपसून, स्वच्छ करून सोडायला सुरुवात झाली.

उपसून स्वच्छ करण्याची पद्धत ऐकायला अगदी सरळ आहे. पहिली काही वर्षं ती झकास चालते. लिटरमागे हजारो मायक्रोग्रॅमचे आकडे शेकड्यांवर येतात. मग आलेखाची रेघ आडवी होते. वर्षामागून वर्षं पंप चालतात, आकडा हलत नाही. कंटाळून पंप बंद केले तर काही महिन्यांत आकडा पुन्हा वर.

कारण चिकणमातीत आहे. सांता क्लारा खोरं नद्यांनी आणलेल्या गाळाने भरलेलं आहे. वाळू-रेतीचा थर, त्याखाली चिकणमाती, पुन्हा वाळू, पुन्हा चिकणमाती, असे वेडेवाकडे थर. पाणी वाहतं ते वाळूतून. पंप ओढतो तेही वाळूतलंच. पण टीसीई पहिल्या दिवसापासून चिकणमातीतही शिरत असतं. तिथे पाणी जवळजवळ स्थिर असतं, म्हणून रेणू फक्त आपसूक पसरत, अतिशय सावकाश आत जातात. वीस वर्षं ते असे आत जात राहिले. वाळूतलं पाणी पंपाने स्वच्छ झालं, की उलटा प्रवास सुरू होतो आणि चिकणमातीतले रेणू तितक्याच सावकाश बाहेर येऊ लागतात. कैरीच्या लोणच्याची जुनी प्लॅस्टिकची बरणी कितीही वेळा घासली तरी दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर तोच वास येतो, तसं हे. पंपाचा जोर वाढवून उपयोग नसतो, कारण घाई करणं चिकणमातीच्या हातात नाही.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने १९९४ मध्ये अशा ७७ जागांचा आढावा घेतला. त्यांपैकी फक्त ८ ठिकाणी सफाईचं उद्दिष्ट साधल्याची नोंद होती. २०१२ मध्ये याच संस्थेच्या अहवालाने म्हटलं, की देशभरात किमान १ लाख २६ हजार जागांवर अजून प्रदूषण शिल्लक आहे आणि त्यांतल्या १२ हजारांहून अधिक जागांवरचं भूजल येत्या ५० ते १०० वर्षांत पूर्ववत होण्याची शक्यता नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाची ही कबुली आहे. सांडायला काही महिने पुरले आणि निस्तरायला नातवंडांचं आयुष्य जाणार आहे, हे या क्षेत्रातली माणसं आता उघड बोलतात.

आकडा खरा आहे हे कशावरून, असा प्रश्न कुणीही विचारावा, म्हणून नमुना कसा घेतात ते थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. दूषित पट्ट्यावर आणि त्याच्या पुढे-मागे, वेगवेगळ्या खोलीवर निरीक्षण विहिरी असतात. वरून दिसतं ते फक्त रस्त्यातलं किंवा पार्किंगमधलं गोल झाकण. ते उघडून आधी पाण्याची पातळी मोजतात. मग बारीक नळी ठरावीक खोलीपर्यंत सोडून पंप अगदी हळू चालवतात, मिनिटाला लिटरभराहूनही कमी, म्हणजे गाळ ढवळला जात नाही आणि वरचं शिळं पाणी खाली ओढलं जात नाही. पाण्याचं तापमान, वाहकता, विरघळलेला ऑक्सिजन स्थिर होईपर्यंत वाट पाहायची. त्यानंतर ४० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत पाणी कडेने, खळखळ न करता सोडायचं. बाटलीत आधीच हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब असतात, जिवाणूंनी नमुना खाऊ नये म्हणून. पाणी तोंडापर्यंत, फुगीर येईल इतकं भरायचं, झाकण लावायचं, बाटली उलटी धरून टिचकी मारायची आणि उजेडात पाहायचं. बुडबुडा दिसला तर ती बाटली बाद. कारण टीसीई पाण्यात राहण्यापेक्षा हवेत जायला उत्सुक असतं, त्या एवढ्याशा बुडबुड्यातही ते जाऊन बसतं आणि पाण्याचा आकडा खोटा कमी येतो. मग बर्फाची पेटी आणि प्रयोगशाळा. शेजारीच स्वच्छ पाण्याची एक बाटली संपूर्ण प्रवासात सोबत फिरवतात. तिच्यातही टीसीई निघालं तर ते विहिरीतलं नव्हे, वाटेतलं.

पंपाला पर्याय शोधणाऱ्यांना पहिलं मोठं यश कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात मिळालं, तेही वेगळंच काही तपासताना. १९८० च्या दशकात तिथे एक विद्यार्थी नमुना घेण्याच्या साहित्यामुळे पाण्यातल्या द्रावकांच्या मोजमापात फरक पडतो का, हे पाहत होता. धातूंच्या संपर्कात आलेल्या नमुन्यांत काही द्रावकं चक्क नाहीशी होत होती. प्राध्यापक रॉबर्ट गिलहॅम यांनी ते गांभीर्याने घेतलं. साधं लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन देतं. टीसीई ते घेतं आणि त्याचे क्लोरीनचे अणू निसटतात. उरतं ते निरुपद्रवी इथिन आणि पाण्यात क्लोराइड, म्हणजे मिठात असतं तेच.

या ज्ञानाचा पहिला पूर्ण आकाराचा व्यावसायिक उपयोग सनीव्हेलमध्येच झाला. इंटरसिल कंपनीच्या जुन्या जागेवर १९८७ पासून पाणी उपसून स्वच्छ केलं जात होतं. १९९४ च्या अखेरीला तिथे भूजलाच्या वाटेत चर खणून त्यात लोखंडाचा दाणेदार चुरा भरला: चार फूट जाड, ३६ फूट लांब, २० फुटांच्या आसपास खोल, सुमारे २२० टन लोखंड. दोन्ही बाजूंना बेंटोनाइटच्या अपार्य भिंती, म्हणजे पाण्याला लोखंडातूनच जावं लागेल. पंप नाही, वीज नाही, वर गोंगाट करणारी यंत्रणा नाही. पाणी आपल्या नैसर्गिक गतीने येतं, लोखंडातून जातं आणि पलीकडे स्वच्छ होऊन निघतं. मला या कल्पनेचं मनापासून कौतुक आहे. निसर्गाच्या गतीशी भांडण न मांडता तिच्याच वाटेत उभं राहायचं, हे या साऱ्या कामातलं सर्वांत शहाणं पाऊल होतं. अर्थात लोखंडही कधीतरी गंजून संपतं, खनिजांनी त्याची छिद्रं बुजतात आणि साचलेला मूळ साठा मागे तसाच असतो. भिंत त्याला फक्त पुढे जाऊ देत नाही.

दुसरी वाट जिवाणूंची. मोफेट फील्डवरच १९८० च्या दशकात स्टॅनफर्डच्या पेरी मॅककार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीत मिथेन आणि ऑक्सिजन सोडून तिथल्या जिवाणूंकडून टीसीई तोडून घेण्याचे प्रयोग केले. थोडा भागच तुटला. मग १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी इथाकाच्या सांडपाणी केंद्रातल्या गाळातून निघालेल्या एका जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. डीहॅलोकॉकॉइडिस कुळातला हा जिवाणू क्लोरीनयुक्त द्रावकांवरच श्वास चालवतो, जसा आपण ऑक्सिजनवर. त्याला ऑक्सिजन सोसत नाही. म्हणून जमिनीत वनस्पतितेल किंवा उसाची मळी सोडतात. आपल्या साखर कारखान्यांतून निघते तीच मळी. ती खाऊन इतर जिवाणू सगळा ऑक्सिजन संपवतात आणि याला लागणारा हायड्रोजन तयार करतात. पण हे काम अर्धवट राहिलं तर घात होतो. टीसीईचे क्लोरीन एकेक गळताना मध्ये व्हिनिल क्लोराइड बनतं, आणि ते टीसीईपेक्षाही वाईट, माणसात कर्करोग करणारं म्हणून सिद्ध झालेलं. पुढची पायरी पार पाडणारे जिवाणू तिथे नसतील, तर ते बाहेरून वाढवून आणून सोडावे लागतात. म्हणून या पद्धतीत नुसतं टीसीई घटलं म्हणून पाठ थोपटून घ्यायची नसते, इथिन निघालं का ते पाहायचं असतं.

हे सगळं चालू असताना प्रदूषणाने एक वेगळीच वाट धरली. ते खालून वर आलं. उथळ भूजलातल्या टीसीईची वाफ मातीतून चढते आणि इमारतीच्या कोब्यातल्या भेगांतून, पाइपांच्या भोवतीच्या फटींतून आत शिरते. पाणी कुणी पीत नाही म्हणून निर्धास्त राहावं, तर माणूस ते श्वासातून घेतो. माउंटन व्ह्यूसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० मध्ये इमारतींतल्या हवेबद्दल वेगळा निर्णय केला. तरीही २०१२ च्या अखेरीला गूगलच्या तिथल्या दोन इमारतींतल्या हवेत टीसीई ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. वायुवीजनाच्या यंत्रणेत दुरुस्त्या करून ते खाली आणावं लागलं. गर्भधारणेच्या पहिल्या आठवड्यांत, बाळाचं हृदय घडत असताना, टीसीईचा थोड्या दिवसांचा संपर्कही धोक्याचा ठरू शकतो, म्हणून इथे वर्षभराची सरासरी काढून चालत नाही. लॉस पासेओसच्या बायकांनी ज्या प्रश्नाला हात घातला होता, तोच तीस वर्षांनी दुसऱ्या दाराने आला. संगणकी उद्योगातली माणसं दिवसाचे दहा-दहा तास जिथे बसतात, त्या खोलीच्या हवेचा आकडा त्यांनी मागून घ्यावा, असं मला पोटतिडकीने वाटतं.

आणि गाळलेलं विष शेवटी जातं कुठे? पाणी ज्या कार्बनमधून गाळतात तो भरला, की भट्टीत तापवून पुन्हा वापरण्याजोगा करतात. कॅलिफोर्नियातल्या अशा जागांवरचा कार्बन ॲरिझोनातल्या पार्कर इथल्या भट्टीकडे गेलेला आहे, आणि ती भट्टी कोलोरॅडो नदीकाठच्या मूळनिवासी जमातींच्या राखीव भूमीवर आहे. श्रीमंत खोऱ्याची सफाई गरीब वाळवंटातून जाते. सफाईच्या अहवालात हा टप्पा आलाच पाहिजे.

आपल्याकडे या विषयाचं नाव भोपाळ आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा २०२५ च्या पहिल्याच दिवसांत बंद कंटेनरांतून पीथमपूरला नेला आणि जूनअखेर तो जाळून संपला. तो कुठे जाळायचा यावर आधी वर्षानुवर्षं वाद झाले. २०११ मध्ये नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीचा प्रस्ताव आला तेव्हा महाराष्ट्रानेही विरोध केला होता. कचरा जळाल्यावर अनेकांनी ‘भोपाळ स्वच्छ झालं’ म्हणून सुटकेचा निःश्वास सोडला. पण जळाला तो गोळा करून शेडमध्ये ठेवलेला कचरा. नागपूरची नीरी आणि हैदराबादची एनजीआरआय या संशोधन संस्थांनी २०१० मध्ये तिथल्या दूषित मातीचा अंदाज दिला होता ११ लाख टन. जळालेला कचरा म्हणजे त्याचा तीन हजारावा भागही नाही.

त्या मातीची गोष्ट वायुगळतीच्या आधी सुरू झालेली आहे. कारखान्याचं सांडपाणी सुकवण्यासाठी १९७७ मध्ये आवाराच्या उत्तरेला तळी बांधली होती आणि ती गळत असल्याच्या नोंदी १९८२ सालच्या आहेत. १९९९ मध्ये ग्रीनपीसने आसपासच्या विहिरींचं पाणी तपासलं तेव्हा त्यात कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोफॉर्म निघालं. दोन्ही पाण्यापेक्षा जड, दोन्ही टीसीईच्याच स्वभावाची. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बाधित वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश दिला. वस्त्यांची यादी पुढे वाढत ४२ वर गेली. यादी वाढते याचा अर्थ भूजलातला पट्टा सरकतो आहे, किंवा आधी पुरेसा शोधला गेला नव्हता. दोन्हींपैकी काहीही असलं तरी काळजीचंच.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम पहिल्यांदाच काढले. देशात १०३ जागा निश्चित झाल्या होत्या आणि प्रत्यक्ष काम सुरू झालं होतं ते फक्त सात ठिकाणी. नव्या नियमांत प्राथमिक तपासणीला ९० दिवस, सविस्तर तपासणीला आणखी तीन महिने आणि जबाबदार कोण हे ठरवायला ९० दिवस दिले आहेत. सफाई पूर्ण कधी व्हावी, याची मुदत मात्र नाही. त्यावर टीका झाली. माउंटन व्ह्यूमध्ये १९८९ च्या निर्णयानंतरचं काम आजही चालू आहे हे पाहिल्यावर मला त्या एका तारखेपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त निकडीची वाटते. अमेरिकेत जागेवर प्रदूषण शिल्लक असेपर्यंत दर पाच वर्षांनी पुनरावलोकन सक्तीचं आहे आणि तो अहवाल कुणालाही वाचता येतो. कोणत्या विहिरीत, किती खोलीवर, गेल्या खेपेला किती आणि आता किती, हे त्यात असतं. भोपाळच्या आवाराभोवती वेगवेगळ्या खोलीवर निरीक्षण विहिरी हव्यात, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्यांचं पाणी तपासलं जायला हवं आणि आकडे त्या ४२ वस्त्यांत हिंदीतून भिंतीवर लागायला हवेत. ११ लाख टन माती उचलायची, धुवायची की जागच्या जागी रोखून धरायची, हा वाद त्या आकड्यांवरच घालावा लागेल.